विश्लेषण : टोइंग केलेली गाडी परत मिळाली ती ओरखड्यांसह... भरपाई कोणी द्यायची?

नो-पार्किंगमधून उचललेली गाडी सोडवायला गेलेल्या माणसाला एकच घाई असते, दंड भरून तिथून बाहेर पडण्याची. चौकीसमोर जागा नसते, मागे उभा असलेला हॉर्न वाजवत असतो, कामाला उशीर झालेला असतो. घरी पोहोचल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात दिसते की पुढचा बम्पर एका बाजूने निखळला आहे, मडगार्डवर ताजा ओरखडा आहे किंवा गाडी चालवताना स्टिअरिंग एका बाजूला ओढले जात आहे. परत जाऊन विचारले तर टोइंगवाले म्हणतात, ‘ते आधीपासूनच होते.’ चौकीतून उत्तर येते, ‘गाडी तुम्ही बघूनच नेलीत ना?’ विमा कंपनी विचारते, ‘नुकसान कधी, कुठे आणि कशाने झाले?’ मालकाकडे याचे उत्तर नसते, कारण ते घडले तेव्हा तो तिथे नव्हता.

ज्याची गाडी हेच रोजीरोटीचे साधन आहे, त्या टॅक्सी किंवा टेम्पोचालकासाठी हा केवळ रंगाचा प्रश्न नसतो. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहिली तर दंडापेक्षा कितीतरी अधिक पैसे जातात. अशा नुकसानीची जबाबदारी कोणाची, ती सिद्ध कशी करायची आणि भरपाई बहुतेकांना का मिळत नाही, याचा आढावा...

गाडी उचलण्याचा अधिकार कोणाला आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेली किंवा पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी हलवता येते किंवा तिला जॅमर लावता येतो. मात्र त्यासाठी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे टोइंग व्हॅन आणि तिच्यावरची मुले खासगी ठेकेदाराची असली, तरी गाडी उचलण्याचा निर्णय पोलिसांचाच असतो. ठेकेदाराला स्वतःहून गाडी उचलण्याचा अधिकार नाही.

टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा, हेही याच कलमात आहे. शिवाय नियमभंगाचा दंड वेगळा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो-पार्किंगसाठी पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतरच्या वेळी १,५०० रुपये दंड आकारला जातो. चुकीच्या जागी गाडी लावल्याची कायद्याने ठरवलेली शिक्षा ही एवढीच आहे. गाडीचे नुकसान हा त्या शिक्षेचा भाग नाही. ‘तुम्ही नो-पार्किंगमध्ये लावलीच का?’ हा प्रश्न दंडापुरता योग्य आहे. पण फुटलेल्या बम्परला ते उत्तर होऊ शकत नाही.

उचलताना नुकसान नेमके कसे होते?

कोणत्याही गाडीच्या माहितीपुस्तिकेत टोइंगसाठी साधारण तीन गोष्टी सांगितलेल्या असतात : गिअर न्यूट्रलमध्ये हवा, हँडब्रेक सोडलेला हवा आणि स्टिअरिंगचे लॉक उघडलेले हवे. या तिन्ही गोष्टींसाठी गाडीचे दार उघडावे लागते. नो-पार्किंगमधली गाडी मात्र बंद असते आणि किल्ली मालकाच्या खिशात असते. त्यामुळे गाडी ज्या अवस्थेत लावली असेल, त्याच अवस्थेत ती ओढली जाते.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, तर हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. टोइंग व्हॅनचा हायड्रॉलिक हात गाडीची एकच बाजू उचलतो. पुढची बाजू उचलली, तर रस्त्यावर राहिलेली मागची चाके हँडब्रेकमुळे जाम असतात आणि ती न फिरता घासत जातात. टायर एकाच जागी झिजून सपाट होतो, ब्रेक तापतो, हँडब्रेकची केबल ताणली जाते. मागची बाजू उचलली, तर रस्त्यावर राहिलेली पुढची चाके गिअरमध्ये अडकलेली असतात. त्यात स्टिअरिंग वळलेल्या स्थितीत लॉक झाले असेल, तर चाके तिरकी घासतात आणि त्याचा ताण स्टिअरिंगच्या जोडांवर येतो. म्हणजे गाडी कोणत्याही बाजूने उचलली तरी काहीतरी अडकलेले असतेच.

यावर उपाय दोनच. एक तर गाडी पूर्णपणे सपाट ट्रकवर चढवायची, किंवा रस्त्यावर राहणाऱ्या चाकांखाली छोट्या चाकांची ट्रॉली सरकवायची. या दोन्हींना वेळ आणि जागा लागते. अरुंद रस्त्यावर, मागे वाहतूक तुंबलेली असताना आणि दिवसभरात अनेक गाड्या उचलायच्या असताना हा वेळ दिला जाईलच, याची खात्री नसते.

बाहेरून दिसणारे नुकसान वेगळ्या कारणाने होते. आजच्या गाड्यांचा बम्पर प्लास्टिकचा आणि क्लिपांवर बसवलेला असतो. त्याच्या आत पार्किंग सेन्सर असतात. उचलणारा हात किंवा पट्टा चुकीच्या जागी लागला, तर बम्पर निखळतो. साखळी किंवा हुक लोअर आर्मला अडकवला, तर तो वाकून अलाइनमेंट बिघडू शकते. गाडीची एक बाजू उंच उचलली की दुसरी बाजू खाली झुकते. अशा वेळी स्पीडब्रेकरवर मागचा बम्पर किंवा सायलेन्सर घासतो आणि ऑइल चेंबरला मार बसण्याचीही भीती असते.

ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांना धोका अधिक का?

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये उभी केली की गिअरबॉक्समधील एक लोखंडी खिटी दात्यात अडकून चाके रोखते. त्या स्थितीत चाके जबरदस्तीने ओढली, तर ती खिटी तुटू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी धोका संपत नाही. अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतले भाग तेलाविना घासतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमध्ये पुढची व मागची चाके एकमेकांशी जोडलेली असल्याने एकच बाजू उचलणे घातक ठरते.

इलेक्ट्रिक गाडीत मोटार सहसा चाकांशी कायम जोडलेली असते. चाक फिरले की मोटार वीज तयार करू लागते आणि ती वीज यंत्रणेला अपाय करू शकते. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी सपाट ट्रकवरूनच न्यावी, असे उत्पादक सांगतात.

दुचाकींची कथा वेगळी आहे. त्या बहुधा हातांनी उचलून ट्रकवर एकीला एक खेटून ठेवल्या जातात. हँडल लॉक असल्याने त्या सरळ उभ्या राहत नाहीत. आरसे, इंडिकेटर, क्लच-ब्रेकचे लिव्हर आणि फूटरेस्ट यांना मार बसतो. गाडी आडवी झाली, तर पेट्रोलही गळते.

कायद्यानुसार जबाबदारी कोणाची?

दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती कशी सांभाळावी, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ मध्ये सांगितले आहे. सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी. पण इथे तर करारच झालेला नाही, गाडी मालकाच्या संमतीशिवाय नेलेली आहे, मग हे तत्त्व लागू होते का?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच दिले आहे. ‘गुजरात राज्य विरुद्ध मेमन महोमद हाजी हसन’ या खटल्यात जुनागढमधील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली होती. जप्ती पुढे रद्द झाली, पण तोवर वाहने विकली गेली होती. आपण मालकाशी कोणताही करार केला नव्हता, असा बचाव राज्याने केला. करार नसला तरी ताब्यातील वस्तू सांभाळण्याची जबाबदारी राज्यावर येते, असे न्यायालयाने ठरवले.

त्याआधी १९६४ मध्ये ‘कस्तुरीलाल’ खटल्यात मात्र न्यायालयाने उलट भूमिका घेतली होती. पोलिसांच्या ताब्यातील सोन्याचा अपहार होऊनही, अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामे असल्याचे सांगून भरपाई नाकारण्यात आली होती. सरकारी वकील आजही या निकालाचा आधार घेऊ शकतात. मात्र १९९४ च्या ‘नागेंद्र राव’ खटल्यात, जप्त केलेले खत अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे खराब झाल्याबद्दल राज्याला जबाबदार धरण्यात आले आणि सार्वभौमत्वाच्या ढालीला बऱ्याच मर्यादा आल्या.

टोइंगशी अधिक जवळचा निकाल २०१९ चा आहे. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमध्ये १९९८ मध्ये पार्किंगसाठी कर्मचाऱ्याच्या हाती दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. पावतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. तरीही हॉटेल जबाबदारी झटकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. गाडी ताब्यात घेतल्याचे एकदा दिसले, की नुकसान आपल्या निष्काळजीपणामुळे झाले नाही हे दाखवण्याचे ओझे ताबा घेणाऱ्यावर येते, हे या निकालाचे सार आहे. खटला हॉटेलचा असल्याने पोलिसांच्या टोइंगला तो जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण युक्तिवादासाठी तो भक्कम आधार आहे.

मग भरपाई का मिळत नाही?

कायद्याचे तत्त्व मालकाच्या बाजूने असले, तरी त्याआधी एक पायरी आहे. गाडी उचलली तेव्हा ती धडधाकट होती, हे मालकाला दाखवावे लागते. आणि नेमकी याचीच नोंद कुठे नसते.

गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये दिली की जॉब कार्डवर प्रत्येक ओरखड्याची खूण केली जाते. भाड्याने मोटार घेतली की चारही बाजूंचे फोटो काढले जातात. गुन्ह्यात जप्त झालेल्या वाहनांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या ‘सुंदरभाई अंबालाल देसाई’ निकालात सविस्तर पंचनामा आणि छायाचित्रांचा आग्रह धरला आहे. मात्र नो-पार्किंगमधून उचललेल्या गाडीची पावती सहसा फक्त दंड आणि टोइंग शुल्क सांगते. गाडी कशा अवस्थेत घेतली आणि कशा अवस्थेत परत दिली, याबद्दल ती गप्प असते. त्यामुळे वाद एका शब्दाविरुद्ध दुसरा शब्द असा उरतो आणि पाच-सात हजारांच्या नुकसानीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, असे म्हणून मालक गप्प बसतो.

टोइंगवर यापूर्वी वाद झाले नाहीत असे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला बाळाला दूध पाजणारी महिला आत असताना मोटार ओढून नेली गेली आणि संबंधित पोलीस शिपाई निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत दुचाकी चालकासह उचलल्याची चित्रफीत गाजली. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी टोइंग प्रायोगिक तत्त्वावर थांबवले होते. नंतर ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बेंगळूरुमध्येही तक्रारींनंतर टोइंग थांबवण्यात आले होते. या साऱ्यांत चर्चा झाली ती प्रामुख्याने वागणुकीची. गाडीच्या नुकसानीचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न मागेच राहिला.

विमा कामी येतो का?

केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत बाह्य कारणाने झालेल्या अपघाती नुकसानीला आणि रस्त्याने वाहून नेताना झालेल्या नुकसानीलाही संरक्षण असते. म्हणजे टोइंगमध्ये तुटलेल्या बम्परसाठी दावा करता येतो. गिअरबॉक्समधील बिघाड मात्र यांत्रिक बिघाड ठरवून नाकारला जाण्याची शक्यता असते. फक्त टायर खराब झाला असेल, तर प्रमाणित पॉलिसीत भरपाई नाही. गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल, तर टायरच्या किमतीच्या निम्मी रक्कम मिळते.

छोट्या दाव्याचा हिशेब आधी मांडलेला बरा. समजा, नवा बम्पर ८ हजार रुपयांचा आहे. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो, म्हणून उरले ४ हजार. दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला एक हजार रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे हातात ३ हजार. दुसरीकडे सलग तीन वर्षे दावा न करणाऱ्याला ‘नो क्लेम बोनस’ ३५ टक्के मिळतो. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता १० हजार असेल, तर ही सवलत साडेतीन हजारांची होते. दावा केला की ती जाते. म्हणजे तीन हजार मिळवण्यासाठी साडेतीन हजार घालवणे होते. शून्य घसारा पॉलिसी असेल किंवा नुकसान मोठे असेल, तर मात्र दावा परवडतो.

गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

चौकीतील किंवा यार्डातील पहिली दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

– गाडीभोवती फिरून सलग व्हिडीओ घ्यावा. त्यात नंबर प्लेट आणि मागचा परिसर दोन्ही दिसायला हवेत.

– गाडीखाली वाकून तेल गळते आहे का, ते पाहावे. गळत असेल तर इंजिन सुरू करू नये. ऑइल चेंबर फुटलेला असताना गाडी चालवली, तर इंजिन जाम होते आणि ते पुढचे नुकसान विमा कंपनी नाकारू शकते.

– टायरवर एकाच जागी घासल्याची खूण, रिमवरचे ओरखडे आणि बम्परच्या कडेची फट यांचे जवळून फोटो काढावेत. ताज्या ओरखड्यात धूळ किंवा गंज नसतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघड्या पत्र्यावर लवकर गंज धरतो, त्यामुळे फोटो त्याच दिवशीचा हवा. ओरखड्यात दुसऱ्या गाडीचा रंग लागला असेल, तर तो पुसू नये.

– टोइंग व्हॅनचा क्रमांक, उचलल्याची वेळ आणि सोबतच्या पोलिसाचे नाव टिपून घ्यावे.

– पावतीवर किंवा वेगळ्या कागदावर ‘गाडी पुढील नुकसानीसह ताब्यात घेतली’ असे लिहून त्याची पोच मागावी. पोच नाकारली, तर तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने वाहतूक शाखेला पाठवावा.

गाडी उचलण्यापूर्वीच्या अवस्थेचा पुरावा कधी कधी पोलिसांकडेच असतो. ई-चलानसोबत जोडलेला फोटो राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर दिसतो. त्यात बम्पर शाबूत दिसत असेल, तर तो जपून ठेवावा. जिथून गाडी उचलली, तिथल्या दुकानाचे सीसीटीव्ही चित्रणही मागावे. अनेक ठिकाणी जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवे चित्रण चढते, म्हणून घाई आवश्यक आहे. काही दोष थोडे अंतर चालवल्यावरच कळतात : ठरावीक लयीत येणारी थडथड, ओढले जाणारे स्टिअरिंग, सैल हँडब्रेक, जळका वास. तसे जाणवल्यास दुरुस्तीआधी मेकॅनिककडून लेखी अंदाजपत्रक आणि शक्य तर कारणाचा उल्लेख घ्यावा.

दाद कुठे मागायची?

पहिली तक्रार वाहतूक शाखेच्या सहायक आयुक्त किंवा उपायुक्तांकडे लेखी करावी. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. दंड भरला म्हणून नुकसानीचा हक्क संपत नाही. दोन्ही बाबी वेगळ्या आहेत.

दुसरे साधन माहिती अधिकाराचे आहे. दहा रुपयांच्या अर्जावर ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत मागता येते. गाडीचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची, हे करारात लिहिले आहे का आणि ठेकेदाराकडून अनामत किंवा विमा घेतला आहे का, हे त्यातून कळते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. जबाबदारी ठेकेदाराची असल्याचे करारात लिहिलेले असेल, तर त्याला वकिलामार्फत नोटीस पाठवणे सोपे होते.

ग्राहक आयोगाचा मार्ग थोडा गुंतागुंतीचा आहे. रस्त्यात बंद पडलेली गाडी विमा कंपनीच्या किंवा उत्पादकाच्या मदतसेवेने नेताना नुकसान झाले, तर ती सरळ सेवेतील त्रुटी ठरते. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. पोलिसांनी उचललेल्या गाडीबाबत मात्र ही ‘सेवा’ आहे की कायदेशीर कारवाई, हा आक्षेप घेतला जाऊ शकतो. दिवाणी दाव्याचा पर्याय खुला असतो, पण सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध दावा करण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्र पोलीस कायद्यात पोलिसांविरुद्धच्या दाव्यांच्या मुदतीची स्वतंत्र तरतूद असल्याने वकिलाचा सल्ला लवकर घेतलेला बरा.

तोडगा काय असू शकतो?

चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या हटवल्याच पाहिजेत, यावर दुमत नाही. अशा एका गाडीमुळे रुग्णवाहिका अडकते, बस वळत नाही. पण गाडी उचलण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो घेऊन ते ई-चलानला जोडले, तर वादाचे मूळच कमी होईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. दंड आकारणाऱ्या त्याच उपकरणात कॅमेरा आहे. परत देताना पावतीवर गाडीच्या अवस्थेचा एक रकाना, चाकांखाली ट्रॉली वापरण्याची करारातील अट आणि भरपाईसाठी ठेकेदाराचा विमा, या आणखी तीन गोष्टी.

अशा नोंदीचा फायदा पोलिसांनाही आहे. आधीचाच डेंट टोइंगच्या माथी मारणारे वाहनधारकही असतात आणि फोटो असेल तर त्यांचेही तोंड बंद होते. तोवर मात्र ही नोंद ठेवण्याचे काम मालकावरच आहे. चौकीतून गाडी बाहेर काढण्याआधी मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडीओ हाच त्याच्या हातातला सर्वांत स्वस्त पुरावा आहे.